गव्हाचे खांब, मजुरीची रेषा

ऑफिसच्या मीटिंगमध्ये हा चार्ट तुम्ही नक्की पाहिला असेल: विक्रीचे उभे खांब आणि त्यांच्यावरून जाणारी नफ्याची रेषा. एक्सेलमध्ये दोन क्लिक केले की खांबाची रेषा होते आणि रेषेचा खांब. कशाला काय द्यायचं, हे आपण बहुतेक वेळा 'बरं दिसतंय' एवढ्यावरच ठरवतो. पण या निवडीने केवढा फरक पडतो, ते दोनशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रात दिसतं.

ते काढलं विल्यम प्लेफेअरने. हा १७५९ साली जन्मलेला स्कॉटिश माणूस. तरुणपणी तो वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटकडे ड्राफ्ट्समन होता. १७८६ मध्ये त्याने इंग्लंडच्या व्यापारावर 'द कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलास' हे पुस्तक काढलं. त्यातले जवळपास सगळे चार्ट रेषांचे होते: वर्षं आडवी, पैसा उभा, आयातीची एक रेषा आणि निर्यातीची दुसरी. खांबांचा चार्ट एकच, स्कॉटलंडचा. कारण अगदी साधं होतं. स्कॉटलंडचे आकडे त्याला एकाच वर्षाचे मिळाले होते आणि एका बिंदूची रेषा काढता येत नाही. म्हणून त्याने १७ ठिकाणांशी झालेल्या व्यापाराचे खांब काढले. आज ऑफिसात सर्रास दिसणारा बार चार्ट असा नाइलाजाने जन्मला.

पुढे १८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलं आणि ब्रिटनमध्ये गव्हाचा भाव घसरला. जमीनदारांनी भरलेल्या संसदेने कायदा केला: देशातला भाव क्वार्टरला ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू विकायचा नाही. (क्वार्टर म्हणजे दोनशे किलोंहून थोडा अधिक गहू.) भाव चढा राहिला तर जमीनदाराचं भलं होणार होतं, पण मजुराचा पाव महागणार होता.

या वादात १८२१ साली प्लेफेअरने शेतीच्या दुरवस्थेवर एक पुस्तिका लिहिली आणि तिला एक चार्ट जोडला. त्यात १५६५ पासूनचे गव्हाचे भाव काळ्या खांबांनी दाखवले होते, कारागिराची आठवड्याची मजुरी खालून जाणाऱ्या रेषेने, आणि वर त्या त्या काळातले राजे-राण्या. त्याचं म्हणणं होतं की मजुरीच्या मानाने गहू इतका स्वस्त कधीच नव्हता.

चार्ट पाहून मात्र तसं वाटत नाही. नजर आधी खांबांवर जाते आणि १८१० चा खांब तर ९९ शिलिंगांपर्यंत चढलेला. बघणारा म्हणणार, गहू कडाडला! मजुरीची रेषा खाली बिचारी हळूहळू वर सरकते.

आता त्याच चार्टवरचे आकडे घेऊन भागाकार करू. १५६५ मध्ये गहू सुमारे ४१ शिलिंग आणि मजुरी ५, म्हणजे एका क्वार्टरसाठी आठ आठवडे राबायचं. १८१० मध्ये गहू ९९ आणि मजुरी ३०, म्हणजे सव्वातीन आठवडे. त्या सर्वात उंच खांबाच्या वर्षीही गहू कारागिराला १५६५ पेक्षा स्वस्तच पडत होता. प्लेफेअरचा मुद्दा या तिसऱ्या मापात होता आणि नेमकं तेच त्याने काढलं नाही. बघणाऱ्याने दोन उंचींचा भागाकार डोळ्यांनी करावा, अशी त्याची अपेक्षा होती. ते कुणालाच जमत नाही.

आणखी एक गोष्ट. ही मजुरी चांगल्या कारागिराची. शेतांवर राबणाऱ्यांना त्याहून बरीच कमी मिळत होती. त्यांची रेषा या चार्टमध्ये नाहीच.

प्लेफेअर १८२३ मध्ये गेला, तर धान्य कायदे १८४६ मध्ये रद्द झाले. खांब आणि रेषेची जोडी मात्र आपल्या स्क्रीनवर अजून आहे. पुढच्या मीटिंगमध्ये ती दिसली की रंग आणि फॉन्ट बघण्याआधी विचारून बघा: आपल्याला खरं जे मोजायचंय, त्याचा खांब यात आहे का? आणि कुणाची रेषा काढायची राहिलीय?