कलमी आंबा आणि चैत्रातली कामे

चैत्रगौरी बसली की बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घरांत कैरीची डाळ आणि पन्हे होते. गोमंतकात त्याच सुमारास मानकुरादाची पहिली फळे बाजारात दिसू लागतात. झाडाला फळ धरले म्हणजे आता ते उतरवून आढी घालण्यापलीकडे बागाइताला काम उरले नाही, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हीही तो पुष्कळ वर्षे बाळगून होतो. परंतु कलमी आंब्याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की वसंताच्या ऐन मध्यावर बागेत करावयाच्या दोन-चार साध्या कामांवरच तो सारा इतिहास उभा आहे.

हापूस किंवा मानकुराद यांची कोय पेरली, तर उगवणारे झाड आंब्याचेच असते. पण त्याचे फळ मायझाडासारखेच निपजेल, याची हमी नाही. येथे वारसाहक्क बीजाने चालत नाही, फांदीने चालतो. मायझाडाची काडी रोपावर बांधावी, ते झाड मोठे झाले की त्याची काडी पुढल्या रोपावर बांधावी, असे हस्तांतर पिढ्यान्‌पिढ्या चालले, म्हणूनच आज मानकुराद आपल्या पानात पडतो. मधली एक पिढी चुकली, तर ती जात संपलीच.

दोन झाडे सांधण्याची विद्या आपल्याकडे परकी नव्हे. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम आणि बारा कनिष्ठ, असे तो सांगतो. फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष इत्यादींच्या फांद्या शेणाने लिंपून दुसऱ्या झाडाच्या छाटलेल्या मुळावर वा खोडावर कशा लावाव्यात, तेही सांगतो. मात्र त्या यादीत आंबा नाही. आंब्याला कलमाची शिस्त लावण्याचे श्रेय इतिहासकार बहुधा गोव्यातील जेझुइट पाद्र्यांना देतात. हे पाद्री १५४२ साली गोव्यात आले. पुढे १५६३ साली गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात आंब्यावर एक संवाद आहे. मुंबई बेट त्या काळी ऑर्ताकडे खंडाने होते आणि तेथील आपले एक झाड वर्षातून दोनदा फळते, असे तो कौतुकाने नमूद करतो.

आता ‘हापूस’ या नावाचा वाद पाहू. हे नाव आफोंसो द आल्बुकर्क याच्यावरून पडले, असे लोक सांगतात. वकिलाच्या सवयीने आम्ही या दाव्याचा पुरावा मागतो. आल्बुकर्कने गोवा घेतला १५१० साली आणि तो वारला १५१५ साली. म्हणजे जेझुइट येण्याच्या सत्तावीस वर्षे आधी. उलट पक्षी, निकोलाव मनुची या व्हेनिशियन प्रवाशाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेल्या मोगलांच्या इतिहासात गोवा बेटावरील आंबे सर्वोत्कृष्ट म्हटले आहेत आणि त्यांची नावेही दिली आहेत. त्यांपैकी एक नाव आहे ‘निकोलाव आफोंसो’. आमच्या मते पुराव्याचे पारडे या दुसऱ्या आफोंसोकडे झुकते. गोव्यातील फेर्नांदिन, हिलारियो, शाव्हियेर ही आंब्यांची नावेही माणसांचीच आहेत. मानकुराद मात्र ‘माल्कोराद’ म्हणजे रंगाने उणा, या पोर्तुगीज शब्दावरून आला, असे सांगतात. नावात उणेपणा आणि चवीत अग्रमान, असा योग विरळाच!

असो. आता चैत्रातल्या कामांकडे वळू. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या कलमांना हा पहिलाच उन्हाळा असतो. नव्या रोपांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे, असे वराहमिहिराने म्हटले आहे. आळ्यात पालापाचोळा पसरून ओल राखावी, असे आपले बागाईतदार सांगतात. दुसरे काम जोडाखालचा फुटवा खुडण्याचे. खालचे रोप रायवळ असते. त्याचा फुटवा वाढू दिला तर तोच झाड बळकावतो आणि वरची काडी दबून मरते. मालकाने पाठ फिरवताच कुळकट मोकळे होऊन रान माजावे, तसा हा प्रकार. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे: मायझाड निवडून त्यावर खूण करणे. कलम बांधतात ते पावसाळ्यात; पण तेव्हा झाडावर फळ नसते. कोणते झाड दरसाल धरते, कोणाचा गर रेषाहीन आहे, याची प्रत्यक्ष साक्ष मिळते ती फक्त चैत्र-वैशाखात. ती संधी हुकली की पुढे ऐकीव माहितीवर विसंबावे लागते, आणि ऐकीव साक्षीची किंमत आम्ही वाचकांस सांगावयास नको.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग व लगतच्या जिल्ह्यांच्या हापुसाला २०१८ साली आणि गोव्याच्या मानकुरादाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु कायदा नावाचे रक्षण करतो, झाडाचे नव्हे. वाटणीच्या दाव्यांतील मिळकतीच्या याद्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांत ‘आंब्याची झाडे सात’ एवढी नोंद असते. झाडे कोणत्या जातीची, हे सहसा कोणी लिहीत नाही. घराला कुलूप लागते, मुले परगावी वा परदेशी जातात, आणि एखाद्या पावसात झाड कोसळते तेव्हा त्याबरोबर एक नावही जाते. मनुचीने नोंदलेल्या नावांपैकी कित्येक आज बाजारात कोणाच्या तोंडी नाहीत.

म्हणून वाचकांस आमची एकच विनंती आहे. यंदाच्या सुटीत गावच्या घरी गेलात, तर फळ हाती असतानाच घरातील वडीलधाऱ्या माणसाला झाडाखाली घेऊन जावे, त्या झाडाचे नाव आणि ते कोणी लावले हे विचारून लिहून ठेवावे, बुंध्यावर खूण करावी, आणि पाऊस पडताच त्याचे निदान एक कलम बांधवून घ्यावे.