दगडी कुंडीतील केल

कुंडीत भाजी लावणे ही शहरवासीयांची हौस, असे आपण मानतो. स्कॉटलंडच्या उत्तरेस, ६० अक्षांशावरील शेटलंड बेटांत मात्र तोच निर्वाहाचा प्रश्न होता. तेथे वृक्ष जवळजवळ नाहीत. खारा वारा कोवळे रोप करपवितो आणि उरलेले मेंढ्या फस्त करतात. म्हणून तेथील गरीब कुळांनी सामाईक माळावर, चुन्यावाचून नुसते दगड रचून, लहान लहान गोल कोंडाळी उभारली. त्यांना ‘प्लांटीक्रब’ म्हणतात. पुष्कळांना दारच नसे. भिंत चढून आत उतरावे लागे. दगडाची कुंडीच ही, दुसरे काय?

उन्हाळा सरताना तीत केलचे बी पेरीत. केल हे कोबीचेच भावंड, पण घट्ट गड्डा न धरणारे. शेटलंडात ते निदान १७ व्या शतकापासून आहे. वसंतात रोपे घराजवळच्या वाडीत नेऊन लावीत. पुढे थंडीत तीच पाने माणसांच्या हंडीत पडत आणि गुरामेंढरांच्या पुढ्यातही. रोपे दगावली, की तो हिवाळा हिरव्या पानावाचून! स्कॉट बोलीत ‘केल’ या शब्दाला ‘जेवण’ असाच अर्थ आला, तो उगाच नव्हे.

आज बहुतेक प्लांटीक्रब ओस पडले आहेत. काही बेटवासी मात्र त्या जुन्या केलचे बी अजून घरीच धरतात.