वेदना, अफू आणि परवाना

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्या अनेक वाचकांना एक प्रसंग परिचयाचा असेल. पाटणा, गोरखपूर, कलकत्ता अथवा गुवाहाटी अशा एखाद्या गावी कचेरीतील शिपाई किंवा शेजारचा दुकानदार संध्याकाळी दाराशी येतो, थोडा घुटमळतो आणि विचारतो, "साहेब, आपण मुंबईकडचे. 'टाटा'मध्ये कोणी ओळखीचे आहे काय?" कोणत्या टाटाविषयी तो बोलतो, हे विचारावे लागत नाही. त्याच्या घरात कर्करोग शिरलेला असतो.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा जन्म एका घरच्या दुःखातूनच झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू केले. १९५७ साली केंद्रीय आरोग्य खात्याने ते हाती घेतले आणि १९६२ साली त्याचा कारभार अणुऊर्जा खात्याकडे गेला. मूळचे गोमंतकीय असलेले शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी आपले आयुष्य तेथेच वेचले. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे आणि बाहेरगावच्या रुग्णांसाठी वांद्र्याला उभारलेल्या निवासालाही त्यांचेच नाव दिलेले आहे.

निवासाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. रुग्णाला शस्त्रक्रिया मिळाली, म्हणून त्याच्या कुटुंबाला छप्पर मिळतेच असे नाही. परळच्या पदपथावर गाठोडी उशाला घेऊन निजलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगणे नलगे. आजाऱ्याबरोबर आलेल्यांचे हाल गाडगे महाराजांनी फार पूर्वीच ओळखले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कर्करोगी आणि त्यांचे नातलग अल्प खर्चात राहतात. रोग एकाच्या शरीरात असला, तरी आजारी सारे घर पडते. ही गोष्ट वैद्यकशास्त्राने शास्त्र म्हणून मान्य करण्यापूर्वी आमच्या संतांनी व्यवहार म्हणून ओळखली होती.

परंतु आजचा आमचा विषय छपराच्याही पलीकडचा, म्हणजे वेदनेचा आहे. कर्करोग वाढत गेला की पुष्कळ रुग्णांना असह्य वेदना होतात, आणि अशा वेदनेवरचे खात्रीचे औषध मॉर्फिन हे होय. अफूच्या चिकातून ते प्रथम वेगळे काढले एका जर्मन औषधविक्रेत्याने, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. लंडनमध्ये डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली मरणपंथाला लागलेल्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढले. दुखणे उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने औषध द्यावे, आणि देहाच्या वेदनेबरोबर मनाची, संसाराची व श्रद्धेचीही वेदना ऐकून घ्यावी, ही रीत त्यांनी घालून दिली. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यांची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. सौम्य औषधापासून आरंभ करावा, ते पुरेनासे झाले की वरची पायरी चढावी. सर्वांत वरच्या पायरीवर तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन होते. औषध स्वस्त होते आणि पद्धत खेड्यातल्या वैद्यालाही जमण्याजोगी होती.

दैवाचा विलक्षण योग असा की, ही पद्धत जगासमोर येण्याच्या सुमारासच आपल्या देशात त्या औषधाची वाट बंद झाली. अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. चोरट्या व्यापाराला आळा घालणे हा त्याचा हेतू होता, आणि तो हेतू योग्यच होता. शिक्षा कडक होत्या. अनेक अपराधांना किमान दहा वर्षे सक्तमजुरी होती. वैद्यकीय उपयोगाला कायद्याने बंदी केली नव्हती. मात्र त्याचे नियम करण्याचे काम राज्यांकडे सोपविले गेले आणि प्रत्येक राज्याने आपापले नियम केले.

ते नियम कसे चालत, हे आमच्या वाचकांस अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. रुग्णालयाने मॉर्फिन बाळगण्याचा एक परवाना काढावयाचा, ते दुसऱ्या राज्यातून आणण्याचा दुसरा, पाठविणाऱ्या राज्याने बाहेर जाऊ देण्याचा तिसरा, वाहतुकीचा चौथा. काही परवाने अबकारी खात्याकडे, तर काहींसाठी औषध नियंत्रकाचा अभिप्राय. हे सारे कागद एकाच वेळी जिवंत असावे लागत. शेवटचा कागद हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत सरलेली असे. औषधविक्रेत्यांनी साठा ठेवणे सोडले, कारखान्यांनी गोळ्या करणे कमी केले, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका सबंध पिढीने मॉर्फिन कसे द्यावे हे न पाहताच पदवी घेतली. कायद्यापूर्वी देशात वर्षाला शेकडो किलो मॉर्फिन औषध म्हणून वापरले जाई. १९९७ साली तो आकडा सुमारे १८ किलोंवर उतरला होता.

याच काळात नीमच आणि मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत होती. गाझीपूर आणि नीमच येथील सरकारी कारखान्यांत तिची वजने होत होती, आणि तिचा मोठा भाग परदेशी औषधांसाठी रवाना होत होता. जगाच्या वेदना शमविणारा देश आपल्या माणसांना मात्र तळमळत ठेवीत होता.

ज्यांनी ही कोंडी फोडली, त्यांची नावे इतिहासात राहिली पाहिजेत. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला 'शांती अवेदना सदन' स्थापिले. असाध्य कर्करुग्णांसाठीचे हे देशातील पहिले शुश्रूषागृह होय; पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. १९९३ साली कालिकत येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आश्रयाने वेदनाशमनाची संस्था काढली. तेथून केरळात गावोगाव स्वयंसेवकांची मंडळे उभी राहिली. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी आठवड्यातून काही तास रुग्णांच्या घरी जाऊ लागले. जखम कशी धुवावी, हे ते घरच्या माणसांना शिकवीत; आणि कित्येकदा नुसतेच शेजारी बसत. २००८ साली केरळ सरकारने या कार्यासाठी राज्याचे धोरण जाहीर केले.

कायद्याच्या बाजूनेही हालचाल झाली. मरणोन्मुख आईला मॉर्फिन मिळाले नाही, या व्यथेने एका पुत्राने दिल्लीच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९८ साली न्यायालयाने परवान्यांचे निर्णय त्वरेने करण्याविषयी आदेश दिला. त्याच वर्षी केंद्राच्या महसूल विभागाने राज्यांना पत्र पाठवून नियम सोपे करण्याची सूचना केली. काही राज्यांनी ती मानली, पुष्कळांनी पत्र दप्तरी दाखल केले. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने मूळ कायद्यातच दुरुस्ती केली. मॉर्फिनसारखी औषधे 'अत्यावश्यक अमली औषधे' म्हणून वेगळी काढण्यात आली. त्यांच्यापुरते नियम सर्व देशाला एकच झाले, आणि अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी ठरली. १९८५ ते २०१४ या एकोणतीस वर्षांत किती माणसे तळमळत गेली, याची गणती कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

हा इतिहास आम्ही सरकारी सेवेतील वाचकांपुढे का मांडीत आहोत? कोणाला दोष देण्यासाठी खचित नव्हे. या कथेत कोणी दुष्ट नाही. अर्ज परत पाठविणारा प्रत्येक कारकून नियमाप्रमाणेच वागला, आणि सही न करणाऱ्या अधिकाऱ्याला आपली नोकरी व आपली मुलेबाळे होती. एक कुपी वाममार्गाला गेली, तर चौकशी होते, जबाब घेतले जातात, फाईल तयार होते. परंतु कुपी न दिल्याने कोणी चार रात्री ओरडत काढल्या, तर त्याची फाईल होत नाही. दिलेल्या परवान्याचा जाब विचारला जातो, अडवून ठेवलेल्या परवान्याचा नाही. या एकतर्फी हिशेबातूनच एवढे मोठे दुःख निपजले, असे आमचे मत आहे.

आज कायदा बदलला आहे. सवयी तितक्या लवकर बदलत नाहीत. अजूनही कित्येक जिल्ह्यांत मॉर्फिन मिळत नाही. कोठे रुग्णालयाने मान्यतेसाठी अर्जच केलेला नसतो, कोठे डॉक्टर जुन्या धास्तीने कचरतो, आणि कोठे घरचेच लोक 'व्यसन लागेल' म्हणून औषध नाकारतात. वेदनेसाठी, वैद्याच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने असे व्यसन क्वचितच जडते, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे. ही शुश्रूषा केवळ मरणाऱ्यांसाठी आहे, हाही एक समजच. बरे होऊन घरी परतलेल्यांना, आणि त्यांची उस्तवार करून थकलेल्या घरच्यांनाही तिची तितकीच गरज असते.

म्हणून दाराशी आलेल्या त्या शिपायाला 'टाटा'तील ओळख आपण अवश्य द्यावी. पण ज्यांच्या टेबलावरून जिल्ह्याची कागदपत्रे जातात, त्यांनी आणखी एक चौकशी करावी: आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयाला ही मान्यता आहे काय? नसेल, तर अर्ज कोठे अडला आहे? मुंबई त्या शिपायाच्या घरापासून दोन रात्रींच्या प्रवासावर आहे. जिल्ह्याचे रुग्णालय तासाभराच्या वाटेवर असते. पुष्कळदा रुग्णाच्या अंगात तासाभराच्या वाटेचेच बळ उरलेले असते.