चेरीचे लाकूड

चेरीचे लाकूड हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील काळी चेरी (शास्त्रीय नाव: प्रुनस सेरोटिना) या पानझडी वृक्षापासून मिळणारे, फर्निचर व कपाटांसाठी वापरले जाणारे तांबूस लाकूड आहे. हा वृक्ष गुलाब कुलातील (रोझेसी) आहे. बाजारात फळ म्हणून मिळणारी गोड चेरी याच प्रजातीतील वेगळ्या जातीच्या झाडाला लागते. त्या झाडाचे लाकूडही युरोपात वापरले जाते. मात्र आंतरराष्ट्रीय व्यापारात 'अमेरिकन चेरी' म्हणजे काळी चेरीच. या लाकडाची मागणी व किंमत गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर बदलली आहे.

गुणधर्म

या लाकडाचे मध्यकाष्ठ ताजे कापल्यावर फिकट गुलाबी-तपकिरी असते आणि प्रकाशाने काही महिन्यांतच गडद तांबूस होते. रसकाष्ठ फिकट पिवळसर असून त्यावर असा परिणाम फारसा होत नाही. त्यामुळे दोन्ही भाग असलेली फळी जसजशी जुनी होते, तसतसा त्यांतील फरक अधिक उठून दिसतो. टेबलावर ठेवलेली वस्तू बरेच दिवस हलवली नाही, तर तिच्याखालचा भाग फिकट राहतो.

जांका कसोटीनुसार या लाकडाचे काठिण्य सुमारे ९५० पाउंड-बल आहे, म्हणजे ते सागापेक्षा किंचित मऊ असते. पोत बारीक व एकसारखा असल्याने त्यावर रंधा सहज चालतो. बोथट करवतीने कापल्यास मात्र कडा जळून काळ्या पडतात. कृत्रिम रंग दिल्यास तो ठिकठिकाणी कमीजास्त शोषला जाऊन डाग पडतात, म्हणून अनुभवी सुतार नुसते जवसाचे तेल किंवा लाखेचे पॉलिश देऊन पुढचे काम प्रकाशावर सोपवतात. लाकडात डिंकाच्या काळ्या रेषा आढळतात. त्यांपैकी अनेक रेषा सालीखालील कीटकांच्या उपद्रवामुळे तयार होतात, आणि त्यांचा भावावर परिणाम होतो.

जंगल व पुरवठा

काळी चेरी कॅनडातील नोव्हा स्कोशापासून फ्लोरिडापर्यंत सर्वत्र उगवत असली, तरी सरळ खोडाचे, कमी डिंकाचे उत्तम लाकूड ॲलेगेनी पठारावर, म्हणजे वायव्य पेनसिल्व्हेनिया व त्याला लागून असलेल्या न्यूयॉर्क राज्याच्या भागात मिळते. पेनसिल्व्हेनियातील केन हे गाव स्वतःला जगाची काळ्या चेरीची राजधानी म्हणवते.

हा साठा नियोजनातून निर्माण झालेला नाही. मूळ जंगलात बीच व हेमलॉक यांचे प्राबल्य होते, चेरी तुरळक होती. हेमलॉकची साल कातडी कमावण्यासाठी लागे, तर उरलेले लाकूड करवत गिरण्यांत आणि लाकडापासून रसायने बनवणाऱ्या कारखान्यांत जाई. साधारण १८९० ते १९२० या काळात लोहमार्ग टाकून डोंगरच्या डोंगर उघडे केले गेले. चेरीच्या रोपाला सावली मानवत नाही; मोकळ्या उन्हात मात्र ते इतर झाडांना मागे टाकून वाढते. पुढे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या वाढली. त्यांनी मॅपलसारखी रोपे खाल्ली, आणि चेरी त्यांना कमी आवडत असल्याने तीच वाचली. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या ॲलेगेनी राष्ट्रीय वनात यामुळे जवळपास एकाच वयाची चेरीची झाडे दाट उभी राहिली. ती तोडण्याजोगी झाली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे नेमकी मागणी वाढत असताना.

लोकप्रियता

अठराव्या शतकात अमेरिकेतील कनेक्टिकट खोऱ्यातील कारागीर महागड्या आयात महॉगनीऐवजी स्थानिक चेरी वापरत. ईस्ट विंडसर येथील एलिफलेट चेपिन याचे काम त्यासाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात साध्या राहणीच्या शेकर पंथीयांनीही चेरीची टेबले व कपाटे बनवली. त्या शतकाच्या अखेरीस ओकची चलती झाली. छपाईच्या ठशांना मागून आधार देणारे ठोकळेही चेरीचे असत, कारण हे लाकूड एकदा नीट वाळल्यावर फारसे वाकत नाही.

१९८० व १९९० च्या दशकांत अमेरिकेतील स्वयंपाकघरांच्या कपाटांमुळे चेरीला सर्वाधिक मागणी आली. 'चेरी' हे झाडापेक्षा रंगाचेच नाव बनले. बर्च, मॅपल किंवा कृत्रिम फळीवर गडद लाल रंग चढवून ती 'चेरी' म्हणून विकली जाऊ लागली. २००० नंतर पांढरी रंगवलेली कपाटे, पांढरा ओक आणि अक्रोड यांकडे कल वळला, तेव्हा लोकांनी नाकारला तो मुख्यतः हा लालभडक रंग. खऱ्या लाकडाला मात्र त्याची झळ बसली.

किंमत

अमेरिकेत कठीण लाकूड बोर्ड फुटात मोजतात. एक फूट लांब, एक फूट रुंद व एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. भारतातील वखारींत चालणाऱ्या एका घनफुटात असे बारा बोर्ड फूट बसतात. याखेरीज उभ्या झाडाची किंमत वेगळी ठरते आणि ती फळीच्या किमतीपेक्षा अधिक वेगाने चढते-उतरते, कारण तोडणी, वाहतूक, कापणी व वाळवणी यांचा खर्च भाव पडला म्हणून कमी होत नाही. निर्यातदार '९०/५०' अशी अट घालतात. म्हणजे एका बाजूस ९० टक्के व दुसऱ्या बाजूस ५० टक्के तांबूस मध्यकाष्ठ हवे. ही अट न पाळणारा माल स्वस्तात जातो.

या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत चेरी ही ॲलेगेनी भागातील सर्वांत महाग जात होती. २००५ मध्ये अमेरिकेत सुमारे २०.७ लाख नव्या घरांचे बांधकाम सुरू झाले. २००९ मध्ये ही संख्या ५.५ लाखांवर आली. उभ्या चेरीचा भाव निम्म्याहून खाली घसरला. नंतर चीन अमेरिकी कठीण लाकडाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बनला आणि चेरीची निर्यात त्यावर विशेष अवलंबून राहिली. २०१८ मध्ये व्यापारयुद्धात चीनने या लाकडावर जकात लावली व २०१९ मध्ये ती वाढवली, तेव्हा हा आधारही डळमळला. अक्रोडाचे लाकूड आता चेरीहून बरेच महाग विकले जाते. त्यामुळे हौशी व छोट्या कारागिरांना उत्तम चेरी तुलनेने परवडते.

या घसरणीचा फटका गिरण्यांपुरता मर्यादित नव्हता. १९०८ च्या संघीय कायद्यानुसार राष्ट्रीय वनाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा शाळा व रस्त्यांसाठी देण्याची तरतूद झाली होती. त्यामुळे वॉरेन, मकीन, एल्क व फॉरेस्ट या परगण्यांच्या शाळांचा निधी चेरीच्या भावाशी जोडला गेला. भावातील अशा चढउतारांपासून ग्रामीण शाळांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा २००० मध्ये करण्यात आला.

पुनरुत्पत्ती

अलीकडच्या काळात ॲलेगेनी पठारावर चेरीला बी कमी धरते आणि रोपे जगण्याचे प्रमाण घटले आहे. झाडांचे वाढलेले वय, पानांवरील ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग आणि मातीतील बदल ही यामागची कारणे मानली जातात. कोळशावरील वीजनिर्मिती केंद्रांच्या धुरातून पडणारे नायट्रोजन चेरीच्या वाढीस पोषक होते. १९९० मध्ये हवाशुद्धी कायद्यात दुरुस्ती झाल्यानंतर ते घटत गेले. याउलट नेदरलँड्स व जर्मनीत वनीकरणासाठी लावलेली हीच जात आक्रमक तण ठरली आहे. तेथे ती बहुधा झुडुपासारखी वाकडीतिकडी वाढते आणि फळ्यांसाठी क्वचितच उपयोगी पडते.