ऑटिझमचा मानसशास्त्रज्ञ नेमकं काय करतो? शिक्षण, काम आणि गोव्यात झालेलं संशोधन

मूल तीन वर्षांचं झालं, तरी हाक मारल्यावर वळून बघत नाही. गाडी चालवण्याऐवजी तिचं चाकच फिरवत बसतं. घरातले म्हणतात, "बोलेल की, त्याचे बाबाही उशिराच बोलायला लागले होते." मग सोलापूर असो की आणखी कुठलं गाव, पालकांना प्रश्न पडतो : दाखवायचं कुणाला?

मानसशास्त्रज्ञ कशासाठी?

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. तो रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. मुलाचं वागणं पाहून आणि पालकांशी सविस्तर बोलूनच निदान होतं. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषधं लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाही. तो निरीक्षण करतो, चाचण्या घेतो आणि मुलाला कशी मदत करायची ते पालकांना शिकवतो.

शिक्षण

सोलापूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मानसशास्त्र घेऊन बी.ए. करता येतं. त्यानंतर एम.ए. आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा एम.फिल., हा आजवरचा मुख्य मार्ग. नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.फिल. बंद होत आहे, त्यामुळे प्रवेश घेण्याआधी परिषदेचे चालू नियम पाहावेत. 1992 च्या कायद्यानुसार या परिषदेकडे नोंदणी लागते. पालकांनी हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये.

चाळीस प्रश्न आणि एक प्रमाणपत्र

भारतात 'इसा' ही चाचणी वापरतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक अपंग संस्थेने ती तयार केली. तिच्यात सामाजिक संबंध, भावना, भाषा, वर्तन, संवेदना आणि आकलन अशा सहा भागांत 40 बाबी आहेत. प्रत्येक बाबीला 1 ते 5 गुण मिळतात. एकूण गुण 70 पेक्षा कमी आले, तर या चाचणीनुसार ऑटिझम नाही.

या गुणांवर पुढचं बरंच काही ठरतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते देणाऱ्या पथकात मानसशास्त्रज्ञही असतो. त्याने घाईत तपासलं, तर मुलाचा हक्कच हुकू शकतो.

आईला दोष देण्यापासून आईला सोबत घेण्यापर्यंत

आईच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होतं, असं एकेकाळी तज्ज्ञही मानत. बर्नार्ड रिमलँड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. 1964 मध्ये त्यांनी पुस्तक लिहून हा समज खोडला आणि कारण शरीरात, मेंदूत शोधायला हवं असं मांडलं. मात्र पुढे त्यांनी लसीमुळे ऑटिझम होतो या मताची पाठराखण केली. हे मत संशोधनात टिकलं नाही.

आपल्या शेजारी, गोव्यात, 'संगत' संस्थेने आणखी पुढचं पाऊल टाकलं. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथल्या 2 ते 9 वर्षांच्या 65 मुलांवर झालेला हा अभ्यास 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त प्रसिद्ध झाला. यात तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते होते. आई किंवा बाबा मुलाशी खेळत असताना चित्रीकरण करायचं, मग ते दोघांनी मिळून बघायचं. मुलाने कधी काय सुचवलं आणि पालकांनी त्याला कसा प्रतिसाद दिला, हे टिपायचं. सहा महिन्यांत अशी 12 सत्रं झाली.

पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र कमी भरला. हा निष्कर्षही संशोधकांनी लपवला नाही.

तज्ज्ञ कमी असलेल्या जिल्ह्यांसाठी याचा अर्थ मोठा आहे. एका मानसशास्त्रज्ञाने कार्यकर्ते घडवले, तर मदत कितीतरी घरांत पोहोचू शकते.

शंका आली तर

आधी मुलाची श्रवण तपासणी करून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांना भेटा. निदानाची वाट बघत खेळणं आणि बोलणं थांबवू नका. ऑटिझम पूर्ण बरा करतो असं कुणी सांगितलं, तर सावध व्हा.