पाणबुड्यांचा ‘डीकॉम्प्रेशन’ आजार मज्जारज्जूला घातक का ठरतो?

खोल समुद्रातून वेगाने वर आलेल्या पाणबुड्याच्या पायांत मुंग्या येणे, कमरेभोवती पट्टा आवळल्यासारख्या वेदना होणे किंवा लघवी अडणे, ही केवळ थकव्याची चिन्हे नसतात. मज्जारज्जूला इजा झाल्याचा तो इशारा असू शकतो.

समुद्रात दर 10 मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींत अधिक प्रमाणात विरघळतो. पाणबुडा सावकाश वर आल्यास हा वायू फुफ्फुसांवाटे निघून जातो. दाब झपाट्याने उतरल्यास मात्र सोड्याची बाटली उघडावी तसे शरीरात बुडबुडे तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 मध्ये हे कारण प्रयोगांनिशी मांडले.

नायट्रोजन पाण्यापेक्षा चरबीत सुमारे पाचपट अधिक विरघळतो. मज्जारज्जूतील चेतातंतूंवर मायलिनचे स्निग्ध आवरण असल्याने तेथे वायूचा मोठा साठा होतो आणि बुडबुडे जागीच निर्माण होऊन तंतूंना दाबू वा फाडू शकतात. मज्जारज्जूभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात रक्तप्रवाह मंद असतो. तेथे बुडबुडे अडकल्यास रक्त तुंबते, गुठळ्या होतात, सूज येते आणि ऊतींना प्राणवायू मिळेनासा होतो. काहींच्या हृदयाच्या कप्प्यांमधील जन्मजात छिद्र बुजलेले नसते. सुमारे एक चतुर्थांश प्रौढांमध्ये आढळणाऱ्या या छिद्रातून बुडबुडे थेट धमन्यांत पोहोचू शकतात. नेमकी कोणती प्रक्रिया प्रमुख ठरते, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत.

बहुतेक रुग्णांत लक्षणे पाण्याबाहेर आल्यावर काही तासांतच दिसतात. छातीच्या पातळीवरील मज्जारज्जूला इजा झाल्यास पाय लुळे पडणे आणि मलमूत्रावरील ताबा सुटणे असे परिणाम संभवतात.

अशा वेळी रुग्णाला आडवे झोपवून तातडीने शंभर टक्के प्राणवायू द्यावा आणि उच्चदाब कक्षाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे. कक्षात दाब पुन्हा वाढवल्याने बुडबुडे आकुंचन पावतात, तर प्राणवायूमुळे नायट्रोजन बाहेर पडण्यास वेग येतो. लक्षणे तात्पुरती ओसरली तरी उपचार टाळणे धोक्याचे ठरते. विलंब झाल्यास अपंगत्व कायमचे राहू शकते.

टप्प्याटप्प्याने वर येणे हाच प्रमुख प्रतिबंध होय. सलग काही दिवस सूर मारल्यानंतर विमानप्रवासापूर्वी किमान 18 तास थांबावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. अंदमान किंवा लक्षद्वीपहून परतीचे तिकीट काढतानाच पर्यटकांनी हा अवधी हिशेबात धरणे हितावह आहे.