पंखा थांबल्यावर सुकाणूचं काय होतं?

१६ मार्च १९७८ च्या सकाळी पावणेदहाच्या सुमारास फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ ‘अमोको कादीझ’ या तेलवाहू जहाजाचं सुकाणू डावीकडे वळलेल्या अवस्थेत निकामी झालं. ते फिरवणाऱ्या यंत्रणेतलं हायड्रॉलिक तेल गळून गेलं होतं. इंजिन शाबूत होतं, पण दिशाच देता येत नसेल तर इंजिन चालवून जायचं कुठे? ‘पॅसिफिक’ या जर्मन टगने जहाज ओढायचा प्रयत्न केला, पण दोर तुटला. रात्री नऊच्या सुमारास जहाज पोर्त्सालजवळच्या खडकांवर आदळलं आणि दोन लाख टनांहून अधिक कच्चं तेल समुद्रात गेलं.

त्यानंतर नियम बदलले. मोठ्या तेलवाहू जहाजांवर सुकाणूच्या यंत्रणा दुहेरी झाल्या. पण नियमांनी न सुटणारा एक प्रश्न उरला. यंत्रणा बंद पडल्यावर जहाज नेमकं कसं वागतं, हे कप्तानाला आधी कळणार कसं? भरलेल्या टँकरचं इंजिन किनाऱ्याजवळ मुद्दाम बंद करून सराव कोणी करू देणार नाही.

या प्रश्नाचं पहिलं उत्तर एका तळ्यात मिळालं होतं. १९६७ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ पोर्त रेव्हेल इथे एस्सो कंपनीच्या कप्तानांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. तिथली जहाजं खऱ्याच्या एक पंचविसांश. कप्तान आत बसला की त्याचे डोळे साधारण ब्रिजच्या उंचीवर येतात. यामागचा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याचा. त्याने १८७० च्या दशकात टॉर्की इथल्या हौदात लहान प्रतिकृती ओढून मोठ्या जहाजांचा हिशेब मांडला. या नियमाप्रमाणे लांबी पंचवीस पटींनी कमी केली, तर वेळ पंचवीसच्या वर्गमुळाने, म्हणजे पाच पटींनी आकसतो. खऱ्या जहाजावरची पाच मिनिटं तळ्यात एका मिनिटात संपतात. पाणी खरं, वारा खरा, घड्याळ मात्र पळतं.

संगणकाने घड्याळ पूर्ववत केलं, पण त्यासाठी पाण्याचं गणित करावं लागलं. १९६४ साली एमआयटीच्या मार्टिन अबकोविट्झ यांनी मांडलेल्या पद्धतीत जहाज एकसंध धरलं जाई. सरळ, एकसारख्या वेगाने चाललेलं जहाज थोडं विचलित झालं तर काय होईल, हे ती पद्धत चांगलं सांगे. बिघाड म्हणजे मात्र थोडं विचलन नव्हे. १९७० च्या दशकात जपानी संशोधकांच्या गटाने सांगाडा, पंखा आणि सुकाणू यांचे हिशेब वेगळे मांडले आणि मग त्यांचे एकमेकांवरचे परिणाम जोडले.

हा फरक महत्त्वाचा आहे. सुकाणू जहाज वळवतं ते त्याच्यावरून धावणाऱ्या पाण्याच्या जोरावर. त्यातलं बरंचसं पाणी त्याच्या पुढेच फिरणारा पंखा मागे फेकत असतो. पंखा थांबला की जहाज पुढे सरकत राहतं, पण सुकाणूची पकड ढिली पडते. पंखा उलटा फिरवला तर सुकाणूभोवतीचा प्रवाहच विस्कटतो. तिन्ही भाग एकाच आकड्यात कोंबले, तर नेमकी हीच गोष्ट निसटते.

कागदावरचं गणित तपासायला खरं जहाज हवं होतं. १९७७ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोच्या आखातात २ लाख ७८ हजार टनांच्या ‘एस्सो ओसाका’वर चाचण्या झाल्या. खोल आणि उथळ पाण्यात जहाज वळवून पाहिलं, इंजिन बंद ठेवून नुसत्या गतीवर वाहतानाही वळवून पाहिलं. ते आकडे पुढे अनेक वर्षं सिम्युलेटरच्या गणितांची कसोटी ठरले.

२६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ या कंटेनर जहाजाची वीज गेली. पूल सुमारे एक किलोमीटरवर होता. मुख्य इंजिन बंद पडलं ते पुन्हा सुरू झालंच नाही. पायलटने सुकाणू फिरवायला आणि नांगर टाकायला सांगितलं, पण पंखा थांबलेला होता. सुमारे चार मिनिटांत जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार गेले. जहाजावरचे बहुतेक कर्मचारी भारतीय होते. अमेरिकी तपासाने मूळ कारण म्हणून एका सैल तारेकडे बोट दाखवलं.

त्या चार मिनिटांत कितीही तरबेज माणूस जहाज थांबवू शकला असता का? याचं उत्तरही सिम्युलेटरच देतो, आणि ते बहुधा ‘नाही’ असंच असतं. म्हणून त्याचा उपयोग फक्त कप्तानाला शिकवण्यापुरता मानणं चूक आहे. माणसाचं कौशल्य कुठे संपतं, ती जागा तो दाखवतो. तिथून पुढची जबाबदारी ब्रिजवरच्या माणसाची नसते. खांबाभोवती संरक्षक बांध घालणाऱ्यांची, जहाजाला टग बांधून न्यायचा नियम करणाऱ्यांची आणि त्याचा खर्च उचलणाऱ्यांची ती असते. पायलटच्या इशाऱ्यावरून पोलिसांनी पुलावरची वाहतूक अडवली आणि कित्येक जीव वाचले. त्या पहाटे जहाज वळवता येणार नव्हतं, तरी रस्ता मोकळा करता आला.